मसाजपूर्वी ग्राहकाच्या प्रकृतीची चौकशी: काय विचारावे, काय पाहावे, केव्हा थांबावे

फॉर्मवर ‘तुम्हाला कोणता आजार आहे का?’ या प्रश्नासमोर ठळक अक्षरांत ‘नाही’ असे लिहिलेले होते. मानेपासून खांद्यापर्यंतचा भाग आखडला आहे, जरा जोर लावून मोकळा करून द्या, अशी साठीच्या त्या गृहस्थांची मागणी होती. फॉर्म बाजूला ठेवून मी त्यांना एवढेच विचारले, की सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही कोणकोणत्या गोळ्या घेता? त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली: एक बीपीची, एक रक्त पातळ होण्याची, एक कोलेस्टेरॉलची आणि रात्री झोप लागत नाही म्हणून अर्धी. ‘पण त्या नेहमीच्याच हो,’ असे शेवटी त्यांनी आपण होऊन जोडले. बाही वर सरकवली तेव्हा दंडावर जुन्या-नव्या काळ्यानिळ्या डागांची रांग दिसली, आणि त्यांपैकी एकही डाग कशाने पडला हे त्यांना आठवत नव्हते.

त्यांनी खोटे लिहिले नव्हते. गोळीने आटोक्यात असलेले दुखणे माणसाच्या हिशेबी आजार राहत नाही, आणि मागे झालेली शस्त्रक्रिया ही ‘होऊन गेलेली’ गोष्ट असते. ज्याच्या हातांचा दाब त्या शरीरावर पडणार आहे, त्याला मात्र नेमकी हीच माहिती हवी असते. म्हणून चौकशीचे खरे कसब फॉर्म किती लांब आहे यात नसून प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला यात असते, हे मत अनुभवाने माझ्या मनात पक्के झाले आहे. आजाराचे नाव विचारले तर ‘नाही’ असे उत्तर येते. रोजच्या जगण्याबद्दल विचारले तर खरी हकीकत कळते.

ही चौकशी करताना आपण डॉक्टर नाही, याचे भान सुटू देऊ नये. निदान करणे आपले काम नाही. आपल्याला केवळ काही निर्णय घ्यायचे असतात: आज मसाज करावा की करू नये, करायचा असल्यास शरीराचा कोणता भाग वगळावा, दाब किती ठेवावा आणि व्यक्तीला कोणत्या स्थितीत झोपवावे, आणि डॉक्टरांचे मत आल्याशिवाय पुढे जाता येईल की नाही. पुष्कळदा उत्तर ‘करावा, पण जपून’ असेच निघते. चौकशी केल्यामुळे माणसे परत जातात ही भीती नवख्यांना वाटते. प्रत्यक्षात ज्याची नीट विचारपूस झाली तो माणूस टेबलावर अधिक निर्धास्तपणे झोपतो.

पहिल्या भेटीत या कामासाठी 10 ते 15 मिनिटे वेगळी काढावीत आणि ती मसाजच्या वेळेतून कापू नयेत. ग्राहकाने कपडे बदलण्यापूर्वी, दार लावून, समोरासमोर बसून बोलावे. चादर पांघरून पालथ्या झोपलेल्या माणसाला मूळव्याध, गर्भारपण किंवा मानसिक आजारावरच्या गोळ्या यांविषयी विचारणे अयोग्य आहे, आणि काउंटरवर इतरांच्या देखत विचारणे त्याहून अयोग्य आहे. फॉर्म आधी भरून घेण्यास हरकत नाही, परंतु तो दोघांनी मिळून वाचावा, कारण घाईत ‘नाही’च्या रकान्यात एकामागून एक खुणा करत जाणारे बरेच असतात. वेळ ठरवण्यासाठी फोन येतो तेव्हाच ताप, अंगावर नव्याने उठलेले पुरळ, अलीकडची शस्त्रक्रिया आणि गर्भारपण या चार गोष्टी विचारून घेतल्या, तर कोणाचा हेलपाटा होत नाही.

प्रश्नांची शब्दरचना

गोळ्यांचा प्रश्न वर आलाच आहे. त्यात इंजेक्शने, अंगाला लावायची मलमे, चिकटपट्ट्या आणि स्वतःच्या मनाने दुकानातून आणलेली औषधेही आली पाहिजेत. त्यानंतर ‘डॉक्टरांकडे शेवटचे कधी गेला होतात आणि कशासाठी?’ असे विचारावे. ‘शस्त्रक्रिया झाली आहे का?’ या प्रश्नापेक्षा ‘अंगावर कुठे टाके पडले आहेत का, किंवा आत काही बसवले आहे का?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो, कारण पेसमेकर, हाडातील पट्टी किंवा स्क्रू, बदललेला सांधा, केमोथेरपीसाठी त्वचेखाली बसवलेला पोर्ट या सगळ्यांना तो एकदम स्पर्श करतो. पडणे, गाडीचा धक्का बसणे, मानेला हिसका बसणे या गोष्टी लोक अपघातात धरत नाहीत, म्हणून त्या वेगळ्या विचाराव्यात. ‘गेल्या महिन्याभरात शरीरात काही वेगळे जाणवले का: सूज, ताप, दम लागणे, विनाकारण वजन उतरणे, हातापायांत मुंग्या?’ हा प्रश्न विचारल्यावर लगेच पुढच्या प्रश्नाकडे वळू नये. थोडे थांबावे. महत्त्वाची गोष्ट बहुधा त्या शांततेनंतर येते, आणि तिची सुरुवात ‘तसे विशेष काही नाही, पण’ अशी होते.

औषधांची यादी हाती आली की तिचा अर्थ दाबाच्या भाषेत लावावा. वॉरफरिन, हेपॅरिन, अपिक्सॅबॅन, रिव्हरॉक्सॅबॅन, क्लोपिडोग्रेल आणि रोजची ॲस्पिरिन ही रक्त गोठू न देण्यासाठी दिलेली औषधे आहेत. त्यांवर असलेल्या व्यक्तीच्या अंगावर आपल्याला साध्या वाटणाऱ्या दाबानेही रक्त साकळू शकते, त्यामुळे खोल दाब, कोपराने रेटणे, जोराने चोळणे आणि कपिंग (त्वचेवर पेले लावून ती ओढून धरणे) वर्ज्य करावे. शिवाय ही गोळी कशासाठी चालू झाली, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये, कारण हृदयातील स्टेंट, अनियमित ठोके, पायात झालेली गुठळी किंवा पूर्वीचा पक्षाघात यांपैकी काहीतरी बहुधा त्यामागे असते आणि बऱ्याचदा मुख्य सावधगिरी त्या कारणासाठी घ्यावी लागते. वेदनाशामक, स्नायू सैल करणारी आणि झोपेची औषधे वेगळ्या प्रकारे फसवतात: ती घेतलेला माणूस ‘अजून जोर लावा’ असे म्हणत राहतो, कारण दुखण्याची सूचना त्याच्या मेंदूपर्यंत मंदावून पोहोचत असते. मद्य घेतलेल्या व्यक्तीलाही हेच लागू पडते. तिला दुसऱ्या दिवशी बोलवावे. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांची त्वचा पातळ आणि हाडे ठिसूळ झालेली असू शकतात. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना मसाजनंतर एकदम उठून उभे राहिल्यास भोवळ येऊ शकते, म्हणून त्यांना आधी कुशीवर वळवावे, मग पाय खाली सोडून मिनिट-दोन मिनिटे बसवून ठेवावे आणि ते उभे राहीपर्यंत खोली सोडू नये.

पायातील गुठळी

एकाच विषयावर सर्वांत जास्त वेळ द्यायचा असेल, तर तो या विषयावर द्यावा असे मी म्हणेन. पायाच्या खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, तर ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते आणि त्यात जीव जाऊ शकतो. मसाज करणाऱ्यापुढे मात्र ती एका अगदी साध्या तक्रारीच्या रूपाने येते: ‘पोटरीत गोळा आल्यासारखा वाटतोय, जरा रगडून द्या.’

गुठळी होण्यास तीन गोष्टी कारणीभूत असतात, अशी मांडणी जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखली जाते: रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. चौकशी करताना या तिन्हींचे सरळ प्रश्न होतात. प्रवाह मंदावतो तो माणूस एका जागी राहिल्याने, म्हणून आजारपणात अंथरुणाला खिळणे, पायाला प्लास्टर, 4 तासांहून अधिक काळाचा बैठा प्रवास हे विचारावे. भिंतीला इजा होते ती शस्त्रक्रियेने किंवा मोठ्या माराने. विशेषतः खुबा, गुडघा आणि ओटीपोट यांच्या मोठ्या शस्त्रक्रियांनंतरचे पहिले 3 महिने या दृष्टीने जपण्याचे असतात. गोठण्याची प्रवृत्ती वाढते ती गर्भारपणात, बाळंतपणानंतरच्या पहिल्या 6 आठवड्यांत, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी, कर्करोगाने आणि काही घराण्यांत जन्मतःच; म्हणून स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकांपैकी कोणाला पूर्वी गुठळी झाली होती का, हेही विचारावे.

त्यानंतर दोन्ही पाय उघडे करून, उजेडात, शेजारी शेजारी पाहावेत. दोन्ही पायांवर सारखी सूज असेल तर कारणे अनेक असू शकतात, परंतु एकच पाय सुजलेला, दुसऱ्यापेक्षा उष्ण, लालसर किंवा निळसर, आणि पोटरीत खोलवर ठणकणारा असेल, तर तेथेच थांबावे. डॉक्टर या शंकेची तोलणी करताना ज्या खुणा मोजतात, त्यांतील एक अशी आहे की, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजल्यास त्यात 3 सेंटिमीटरपेक्षा अधिक फरक आढळतो. टेप लावून निदान करणे आपले काम नव्हे. मात्र डोळ्यांना जाणवलेला फरक खरा आहे की आपला भास, हे ठरवायला हा आकडा ठाऊक असलेला बरा. खात्री करण्यासाठी पोटरी दाबून पाहू नये. पाऊल वर वाकवल्यावर पोटरी दुखते का हे पाहण्याची जुनी पद्धतही भरवशाची नाही, त्यामुळे ती करून निर्धास्त होऊ नये. अशा व्यक्तीचा पायच नव्हे, तर संपूर्ण मसाज रद्द करावा आणि तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे. त्याच्या जोडीला अचानक धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे असे काही असेल, तर रुग्णवाहिका बोलवावी. त्या व्यक्तीने स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीचे प्लास्टर घोट्याचे हाड सांधल्यावर तीनच दिवसांपूर्वी निघाले होते. पोटरीचे स्नायू आखडले असणार, हे तिचे म्हणणे पटण्यासारखेच होते. पण दोन्ही मोजे काढायला सांगितल्यावर दिसले, की एका पायावर मोज्याच्या रबराचा वळ खोल रुतला आहे आणि दुसऱ्या पायावर त्याची पुसटशीही खूण नाही. मी हात लावला नाही. दवाखान्यातील तपासणीत गुठळीच निघाली. तेव्हापासून मोजे काढलेले पाय पाहिल्याशिवाय मी कोणाच्याही पायाला तेल लावत नाही.

गुठळीवर उपचार घेऊन बरे झालेल्यांनाही डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय पायांचा मसाज देऊ नये. फुगलेल्या, गाठाळ झालेल्या वरच्या शिरांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे: त्या शिरांवर थेट दाब देऊ नये, एवढे पथ्य बहुधा पुरते.

हृदय, रक्तदाब, मधुमेह

रक्तदाब औषधाने आटोक्यात असल्यास मसाजला अडचण नसते. जवळ यंत्र असेल तर पाच मिनिटे शांत बसवून मोजावे. वरचा आकडा 180 किंवा खालचा 120 वा त्याहून अधिक आला, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावे आणि तो तसाच राहिल्यास मसाज न करता डॉक्टरांशी बोलण्यास सांगावे. त्याबरोबर तीव्र डोकेदुखी, छातीत दुखणे, अंधारी किंवा बोलण्यात अडखळणे असेल, तर ती तातडीची स्थिती आहे. अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा हृदयाची कार्यक्षमता कमी झाल्याने पायांवर सूज आणि सपाट झोपल्यावर दम लागत असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीवाचून हात लावू नये. डावा खांदा, हात, जबडा किंवा पाठीचा वरचा भाग ‘भरून आल्यासारखा’ वाटतो असे सांगणाऱ्या व्यक्तीला घाम, मळमळ किंवा दम लागत असल्याचे आढळले, तर तो स्नायूंचा ताण समजू नये; स्त्रियांमध्ये हृदयविकार अशा आडवळणाने अधिक वेळा प्रकट होतो.

मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. बराच काळ मधुमेह असल्यास तळपायांची संवेदना कमी होते, आणि दाब जास्त झाला हे त्या माणसाला कळतच नाही; म्हणून बोटांच्या बेचक्या आणि टाचा नीट पाहाव्यात, लहानशी जखम किंवा भेगही टाळून पुढे जावे, गरम पिशवी किंवा गरम दगड वापरू नयेत. दुसरी गोष्ट इन्शुलिनची. ज्या जागी नुकतेच इंजेक्शन घेतले तेथे चोळल्यास औषध रक्तात लवकर उतरते आणि साखर अनपेक्षितपणे घसरू शकते, त्यामुळे आज इंजेक्शन कुठे आणि किती वाजता घेतले, आणि नंतर काही खाल्ले का, हे विचारावे. टेबलावरील व्यक्तीला अचानक घाम फुटला, हात थरथरू लागले किंवा ती असंबद्ध बोलू लागली, तर काम थांबवून ती शुद्धीत असताना 15 ग्रॅम साखर पाण्यातून द्यावी आणि जवळ ग्लुकोमीटर असल्यास 15 मिनिटांनी आकडा पाहावा. तो दर डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली असल्यास पुन्हा तितकीच साखर द्यावी. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नये, मदत बोलवावी.

कर्करोग आणि ठिसूळ हाडे

मसाजमुळे कर्करोग शरीरभर पसरतो, ही भीती पुराव्याने सिद्ध झालेली नाही, आणि या भीतीपोटी आजारी माणसाला स्पर्शाचा दिलासा नाकारला जातो याचे मला फार वाईट वाटते. मात्र असा मसाज त्यातले शिक्षण घेतलेल्याने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगूनच करावा. गाठीच्या जागी, रेडिएशन दिलेल्या त्वचेवर आणि पोर्टवर दाब देऊ नये. स्तनाच्या कर्करोगात काखेतील लसिका ग्रंथी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याची शक्यता आयुष्यभर राहते, म्हणून शस्त्रक्रियेला कितीही वर्षे लोटली असली तरी त्या हातावर खोल दाब नको. केमोथेरपी चालू असताना प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, घटू शकतात. निरोगी माणसात त्या साधारण 1,50,000 ते 4,50,000 असतात, आणि 50,000 च्या खाली गेल्यावर मलम पसरण्याइतकाच हलका स्पर्श ठेवावा. कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला असल्यास बरगडी किंवा मणका दाबाखाली मोडू शकतो.

ठिसूळ हाडांबद्दलही हीच काळजी घ्यावी. किरकोळ पडण्याने मनगट किंवा खुबा मोडला होता का, उंची कमी झाल्यासारखी वाटते का, स्टेरॉइड किती वर्षे घेतले, असे प्रश्न वयस्कर व्यक्तींना, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांना विचारावेत. हाडांची घनता तपासली असल्यास अहवालातील टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याहून खाली असणे म्हणजे ठिसूळपणा. अशा पाठीवर उभ्याने, शरीराचे वजन टाकून दाब देऊ नये.

त्वचा

त्वचेविषयी विचारण्यापेक्षा पाहणे अधिक भरवशाचे आहे. गजकर्ण, खरूज, पू झालेले फोड, ताजी जखम, उन्हाने भाजलेली कातडी दिसल्यास संसर्गजन्य आजारात मसाज पुढे ढकलावा आणि बाकीच्यात ती जागा सोडून काम करावे. खरजेचा संशय येण्यासाठी रात्री वाढणारी खाज आणि बोटांच्या बेचक्यांतील पुरळ या दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. एखादा भाग लाल, गरम, कडक झाला आहे आणि लाली पसरत चालली आहे, शिवाय ताप आहे, तर आजच डॉक्टर हवेत. नागीण मात्र चकवते, कारण पुरळ उठण्याच्या काही दिवस आधीच शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होऊ लागते आणि माणूस ती ‘पाठीत उसण भरली’ म्हणून घेऊन येतो. अशा वेळी कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही का, हे विचारावे. 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप असल्यास मसाज करू नये.

स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, आपल्याला ती दिसते. एखादा तीळ वेडावाकडा, कडेला अस्पष्ट, दोन-तीन रंगांचा, 6 मिलिमीटरपेक्षा मोठा किंवा अलीकडे बदललेला वाटला, तर घाबरवून न सोडता ‘हा एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून घ्या’ असे शांतपणे सांगावे. तेलाची ॲलर्जी विचारताना बदाम, शेंगदाणा, तीळ अशी नावे घेऊन विचारावे, आणि पूर्वी कशाने तरी पुरळ उठले असल्यास कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर तेल लावून 24 तास वाट पाहावी.

दुखण्याची तक्रार आणि तिच्या आडचे काही

पाठदुखी, मानदुखी ही आपल्याकडे येण्याची नेहमीची कारणे असल्यामुळे त्यांतील वेगळे दुखणे ओळखणे अवघड जाते. हालचालीने, बसण्याच्या पद्धतीने जे कमी-जास्त होते ते बहुधा स्नायूंचे असते. विश्रांती घेऊनही न थांबणारे, रात्री झोपेतून उठवणारे, ताप किंवा वजन उतरण्यासोबतचे, पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाला नव्याने सुरू झालेले दुखणे आधी डॉक्टरांकडे गेले पाहिजे. कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि शौचाच्या जागेभोवती बधिरता, लघवी किंवा शौचावर ताबा न राहणे, दोन्ही पायांतली शक्ती जाणे यांपैकी काही असेल, तर तासांचा उशीरही कायमचे अपंगत्व देऊ शकतो. हा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, तरी तो विचारावाच.

मानेच्या बाबतीत ‘असे आयुष्यात कधी दुखले नव्हते’ हे वाक्य ऐकताच मी हातातले तेल खाली ठेवते. मानेतील धमनीच्या भिंतीला चीर पडली तर सुरुवातीला केवळ मानेत किंवा डोक्यात एका बाजूला नवे, तीव्र दुखणे असते. पुढे भोवळ, दोन-दोन दिसणे, जीभ जड होणे, गिळताना अडखळणे, एक पापणी उतरणे ही चिन्हे येतात. मानेला हिसका बसल्यानंतरच्या दिवसांत हे अधिक संभवते. एरवीही गळ्याच्या पुढच्या बाजूला, जेथे नाडी लागते तेथे, कोणालाच दाब देऊ नये. काख, जांघ, गुडघ्यामागची लवण, कोपराची आतली बाजू येथून नसा आणि रक्तवाहिन्या अगदी वरवरून जातात, म्हणून प्रकृती उत्तम असलेल्या माणसाच्या बाबतीतही हे भाग हलक्या हाताचेच आहेत.

गर्भवती स्त्रीला तिचा कितवा आठवडा चालू आहे, डॉक्टरांनी काही जोखीम सांगितली आहे का, रक्तस्राव किंवा पोटात कळा आहेत का, हे विचारावे. 20 आठवड्यांनंतर तिला सपाट उताणे झोपवू नये, कारण गर्भाशयाच्या भाराने मोठ्या रक्तवाहिन्या दबतात आणि तिला गरगरते. उशांचा आधार देऊन कुशीवर, शक्यतो डाव्या, झोपवावे. पायांवर खोल दाब टाळावा. डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, चेहरा आणि हात एकाएकी सुजणे ही रक्तदाब वाढल्याची चिन्हे असू शकतात, आणि अशा वेळी सुजेवर मसाज हा उपाय नव्हे.

नकार, संमती आणि नोंद

नकार देण्याची वेळ आली की पुष्कळजण अडखळतात आणि मग ‘हलक्या हाताने करून देऊ’ अशी तडजोड करतात. ती करू नये. मी असे सांगते: ‘तुमच्या या पायाची सूज मला नेहमीसारखी वाटत नाही. ती कशाची आहे हे सांगण्याचा मला अधिकार नाही, पण डॉक्टरांनी पाहीपर्यंत मी मसाज केला तर तुम्हाला धोका होऊ शकतो. आज आपण थांबू या.’ आजाराचे नाव घेऊ नये, अंदाज बांधू नये, आणि त्या भेटीचे पैसे घेऊ नयेत. डॉक्टरांची परवानगी आणायला सांगताना ‘मसाज चालेल का?’ एवढेच विचारायला सांगितले तर उत्तरही तितकेच मोघम येते. म्हणून आपण काय करणार आहोत, शरीराच्या कोणत्या भागावर, किती वेळ आणि किती दाबाने, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि कोणता भाग वगळावा अशी विचारणा करावी.

मसाज सुरू करण्यापूर्वी काय करणार आहोत हे सांगून संमती घ्यावी आणि अल्पवयीन व्यक्तीच्या बाबतीत पालकांची संमती घेऊन त्यांना खोलीतच बसवावे. ‘शरीराच्या एखाद्या भागाला हात लावलेला चालणार नाही, असे आहे का?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारावा आणि उत्तराचे कारण कधीही विचारू नये. दाबासाठी 0 ते 10 असे माप ठरवून घ्यावे, आणि 7 च्या पुढे कोणाचाही आग्रह मानू नये. अतिशय जोरकस मसाजनंतर स्नायूंचे तंतू तुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत, आणि लघवी गडद तपकिरी होणे ही त्याची खूण असते.

जे कळले ते त्याच दिवशी तारखेसह लिहावे: त्या व्यक्तीने काय सांगितले, आपल्याला काय दिसले, आपण काय ठरवले आणि काय वगळले. ही वही कुलूपबंद ठेवावी, कारण त्यातील एखादी ओळही तिसऱ्याच्या कानी जाणे हा विश्वासघात आहे. पुढच्या भेटीत सगळा फॉर्म पुन्हा भरून घेण्याची गरज नसते. मागची नोंद समोर उघडी ठेवून ‘गेल्या वेळेनंतर कोणती गोळी बदलली, बंद झाली, नवी सुरू झाली?’ असे विचारावे. सुरुवातीला सांगितलेले गृहस्थ पुढे नियमित येऊ लागले. त्यांच्या डॉक्टरांनी हलक्या दाबास संमती दिली होती. चौथ्या भेटीत याच प्रश्नावर त्यांनी सांगितले, की रक्त पातळ होण्याची गोळी आता एकाऐवजी दोन प्रकारची झाली आहे. त्या दिवशी त्यांच्या खांद्यांवर मी फक्त तळहात फिरवले, आणि वहीत तारखेपुढे नव्या गोळीचे नाव लिहिले.